सिगारेटला घातलेली मागणी

आमच्या सल्त गावात लग्न जमवायचं असो, जुनं भांडण मिटवायचं असो, की कुणाच्या गाडीखाली कुणाचं पोर आलेलं असो, माणसं आधी नायिफला शोधतात. नायिफ म्हणजे माझा नवरा. जाहा, म्हणजे मागणं घेऊन जाणारी मोठ्या माणसांची मंडळी, न्यायची तर पुढे बोलायला तोच हवा. गावातली मोठी माणसं काळे झगे घालून समोरच्याच्या बैठकीत जातात, घरधनी कडू कॉफीचा पेला पुढे करतो, आणि नायिफ तो न पिता तसाच समोर ठेवून देतो. मागायला आलो ते मिळाल्याशिवाय पेला ओठाला लावायचा नाही, ही रीत. मग तो बोलायला लागतो. आवाज असा, की आतल्या खोलीत बायका भाकऱ्या थापायच्या थांबतात. त्याच्यासमोरची कॉफी आजवर कुणी थंड होऊ दिलेली नाही.

माझ्या वेळी त्याच्या बापानं मागणी घातली होती. सासरे इतके अडखळत बोलले, की माझ्या बापानं कंटाळून हो म्हटलं. हे मी नायिफला दर ईदेला ऐकवते.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या तोंडात सदान्‌कदा सिगारेट. पाकिटातली नाही, हाताने वळलेली. खालच्या बाजारातून हीशी आणायची, म्हणजे आमच्याकडचा उग्र गावठी तंबाखू, ती कागदावर पसरायची, जिभेनं चिकटवायची आणि ओढायची. मिशी मधोमध पिवळी, बोटं पिवळी, बैठकीचे पडदेही पिवळे. पडदे धुतले की काळं पाणी निघायचं. मी ती बादली त्याच्यापुढे नेऊन ठेवली होती. म्हटलं, "बघ, हे तुझ्या आतलं." तर म्हणाला, "मग पडद्यांनाच डॉक्टरकडे ने, फिद्दा."

आमचं घर टेकडीच्या वरच्या अंगाला. सल्तमध्ये घरी जायचं म्हणजे पायऱ्या चढायच्या, दुसरा रस्ता नाही. गेल्या दोनेक वर्षांत नायिफ भलताच माणूसवेडा झाला होता. प्रत्येक वळणावर थांबायचा, ज्याच्या-त्याच्या दारात चौकशी करायचा. गुडघा कसा आहे, शेळी व्याली का, सून माहेरून आली का. शेजारणी मला मुलाच्या नावानं हाक मारून म्हणायच्या, "उम्म नवाफ, तुझा नवरा म्हातारपणी किती गोड झालाय गं!" मी म्हणायचे, "झालाय खरा." तो गोड झालेला नव्हता, त्याला दम लागत होता. लांबलचक उत्तर येईल असाच प्रश्न तो विचारायचा, म्हणजे तेवढ्यात श्वास परत यायचा. उम्म शिहाबला तर रोज तिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल विचारायचा, कारण गावात त्याहून लांब गोष्ट कुणाकडेच नव्हती. त्या वळणाकडे बघत मी वरच्या खिडकीत उभी राहायचे, तो पुन्हा चालायला लागेपर्यंत.

शेवटी मुलगी रगद आणि मी मिळून त्याला अम्मानला घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याला नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला आणि पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. हे जे काळं पसरलंय, तिथल्या हवेच्या पिशव्या फुटून गेल्यात, त्या आता परत येणार नाहीत. आज सिगारेट सोडली तर उरलंय ते उरेल, माणूस पायऱ्या हळूहळू का होईना चढेल. ओढत राहिला तर थोड्या वर्षांत नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर, आणि तेही फार काळ नाही. डॉक्टर चांगले होते, समजावून बोलत होते, पण त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून पाकीट डोकावत होतं. नायिफची नजर नेमकी तिथं गेली. बाहेर गाडीजवळ आल्या आल्या त्यानं हीशीची पुरचुंडी काढली.

"अरे, आत्ताच काय ऐकलंस?" मी ओरडले.

"ऐकलं ना. घाबरलोय. घाबरल्यावर काय करतात माणसं?" म्हणाला आणि कागद चिकटवला.

मी सगळं करून बघितलं. ओरडले, रडले, अबोला धरला. हीशी पाण्यात बुडवली, तर त्यानं ती गच्चीवर वाळत घातली. दम्मामहून आमचा नवाफ दर शुक्रवारी फोनवर बापाला समजवायचा, आणि बाप "हो बेटा, हो बेटा" म्हणत दुसऱ्या हातानं काडी ओढायचा. लाज नावाची गोष्ट नाही.

मग एक दिवस असं झालं. खालच्या मोहल्ल्यात जाहा गेली होती, नायिफ बोलत होता आणि ऐन रंगात त्याचा श्वास संपला. वाक्य अर्ध्यावर राहिलं. बैठक वाट बघत राहिली. शेजारी बसलेल्या अबू शिहाबनं ते वाक्य पुरं केलं. नायिफ खोकून म्हणाला, "धूळ फार आहे हल्ली." मुलगी मिळाली, कॉफी प्यायली गेली, कुणी काही बोललं नाही. पण घरी आल्यावर तो झगाही न काढता अंगणातल्या पायरीवर बसला तो बसलाच. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला बोलण्यात हरलेलं पहिल्यांदा बघितलं. जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वरखाली होत होती. मला तेव्हा कळलं, माझ्या एकटीच्या ओरडण्याने हे होणार नाही. या माणसानं आयुष्यात एकाच गोष्टीपुढे मान झुकवलीय, रीतीपुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अबू शिहाबच्या घरी गेले. तो नायिफचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि गावातला दुसऱ्या नंबरचा बोलणारा. हे दुसऱ्या नंबरचं दुखणं त्याला जन्मभर आहे.

"अबू शिहाब, मला जाहा हवीय," मी म्हटलं.

"रगदसाठी मुलगा बघितलास की काय? पण मुलीकडच्यांनी जाहा नेलेली मी ऐकली नाही गं."

"रगदसाठी नाही. माझ्याच घरी आणायची. नायिफकडे. त्याची सिगारेट मागायला."

अबू शिहाबच्या हातातल्या सिगारेटची राख मांडीवर पडली. उम्म शिहाब आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच उभी राहून खोखो हसायला लागली.

"लोक हसतील मला," तो म्हणाला.

"हसू देत. काल तू त्याचं वाक्य पुरं केलंस ना? पुढच्या खेपेला त्याच्या मयताला बोलायला तुलाच उभं करतील. मग हो एक नंबर."

मी जरा जास्तच बोलले. अबू शिहाबनं मांडीवरची राख झटकली. मग त्यानं सिगारेट विझवली आणि म्हणाला, "गुरुवारी दुपार कलली की, अस्रच्या नमाजानंतर येतो. त्याला एवढंच सांग, की आमचं त्याच्याकडे काम आहे."

मी तेवढंच सांगितलं. बाकी सगळं नायिफनं आपल्या मनानं रचलं. घरात लग्नाची मुलगी असताना गावातली मोठी माणसं अबू शिहाबला पुढे घालून येतायत, म्हणजे दुसरं काय असणार? स्वारी हवेत तरंगायला लागली. मिठाईवाल्याकडे कुनाफ्याची ऑर्डर दिली, झग्याला इस्त्री करून घेतली, वेलची घालून कॉफी स्वतः कुटली. रगदला जवळ बोलावून म्हणाला, "पोरी, ते कशासाठी येतायत ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे, बाबा."

"मग तुला मान्य आहे?"

"मला तर कधीपासून मान्य आहे," रगद म्हणाली आणि तोंडावर ओढणी धरून स्वयंपाकघरात पळाली. बापाला वाटलं, लाजली.

गुरुवारी बैठक भरली. गावातली बहुतेक मोठी माणसं आली होती. रगद आणि मी आतल्या दाराच्या फटीला कान लावून उभ्या. नायिफनं अबू शिहाबला कॉफी दिली. अबू शिहाबनं पेला समोर ठेवला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. अल्लाची स्तुती केली, मग नायिफच्या घराण्याची, मग त्याच्या बापाची, मग आजोबांची. चांगला बोलत होता. बहुधा फारच चांगला बोलत होता, कारण नायिफला ते सहन होईना. दुसऱ्याचं लांबलेलं भाषण ऐकायची त्याला सवयच नाही. हातातली सिगारेट हलवत त्यानं मध्येच तोडलं.

"पी रे कॉफी, अबू शिहाब! किती दमवशील स्वतःला? ज्यासाठी आलात ते दिलं."

घरधन्यानं मागणं ऐकण्याआधी देऊन टाकणं, ही आमच्याकडे मोठेपणाची परिसीमा. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांकडून हे मिळवलं होतं, आता स्वतः द्यायची हौस होती. रगदनं माझा दंड इतका दाबला, की वळ उठला.

अबू शिहाबनं पेल्याला हात लावला नाही. "कशासाठी आलोय, ते तरी ऐकशील की नाही?"

"माझ्या घरात असं काय आहे, जे तुम्हा लोकांपेक्षा मोलाचं आहे? दिलं म्हटलं ना!"

"मंडळी, ऐकलंत ना सगळ्यांनी? मग नायिफ, तुझ्या हातातली ती सिगारेट दे. आजची, उद्याची आणि त्यानंतरच्या सगळ्या. तिच्यासाठीच आलोय आम्ही."

आधी एकजण हसला, मग सगळी बैठक हसली. नायिफही हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की अबू शिहाब हसत नाहीये. नायिफचा चेहरा उतरत गेलेला मला फटीतून दिसला, आणि खरं सांगते, मला दार उघडून त्याला पोटाशी धरावंसं वाटलं.

"ही फसवणूक आहे," तो म्हणाला.

"तूच म्हणालास ऐकायचं नाही म्हणून."

"आणि मागतंय कोण? तू? बोटं बघ स्वतःची! मागच्या वर्षी छातीत कळ आली तेव्हा दवाखान्याच्या संडासात ओढत होतास. सांगू का सगळ्यांना?"

"सांगितलंस की आत्ता," अबू शिहाब म्हणाला. "म्हणूनच मागतोय. मी तुझ्याआधी मरेन असं मला नेहमी वाटायचं. परवा तुझं वाक्य पुरं करताना वाटलं, नाही, हा आधी जाणार. मला नाही आवडलं ते."

नायिफ बोलणारा माणूस. हरतानाही वाट शोधणारच. त्यानं पाठ ताठ केली. "ठीक आहे. शब्द दिला तो दिला. पण शब्दाला जामीन लागतो, ही आपलीच रीत. मी मोडला तर ज्याची अब्रू जाईल, असा एक माणूस उभा करा. कोण राहतो जामीन? अबू शिहाब, तू राहतोस?"

बैठकीत कुणी हलेना. जामीन राहणं म्हणजे खेळ नव्हे. ज्याच्यासाठी जामीन राहिलो त्यानं शब्द मोडला, तर जामिनाला गावात मान वर करून फिरता येत नाही, त्याला पुढे कुणी जाहात नेत नाही. आणि ही सगळी तंबाखू ओढणारी माणसं. उद्या सकाळी चहाबरोबर आपल्याला काय होतं, ते प्रत्येकाला ठाऊक होतं. अबू शिहाबनं मान खाली घातली. दुसऱ्यानं तसबीहचे मणी फिरवायला घेतले, तिसरा गालिच्याची नक्षी बघू लागला. नायिफ एकेकाकडे बघत होता, आणि त्याच्या मिशीत हसू परत यायला लागलं होतं. सुटला होता तो. आणि सुटला म्हणजे मेला.

मी दार उघडलं आणि आत गेले.

"मी राहते जामीन."

हसू गेलं त्याचं. "फिद्दा, आत जा."

"बायका जामीन राहत नाहीत," कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला.

"राहत नाहीत, का कुणी विचारलं नाही?" अबू शिहाबनं मान वर केली. "कुणा बाईनं नकार दिल्याचं मला तरी आठवत नाही."

"फिद्दा," नायिफ हळू आवाजात म्हणाला, "हे काय असतं, तुला ठाऊक नाही. मी एक झुरका मारला तर लोक मला काही म्हणणार नाहीत. तुला म्हणतील. विहिणींत, हमामात, मयताघरी, जाशील तिथं म्हणतील."

"ठाऊक आहे."

"मग कशाला मध्ये पडतेस?"

"तू हवा आहेस मला म्हणून," मी म्हटलं. गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर म्हटलं. मी त्याच्या बापासारखी अडखळले नाही.

नायिफनं हातातल्या सिगारेटकडे बघितलं आणि ती विझवली. मग अबू शिहाबला म्हणाला, "पी आता. थंड झाली असेल." अबू शिहाबनं एका घोटात पेला रिकामा केला. आत जमलेल्या शेजारणींनी ललकारी दिली, अगदी लग्नातल्यासारखी, आणि कुनाफा वाटला गेला. वाया कशाला घालवायचा?

पुढचे दिवस मी वैऱ्याला देणार नाही. नायिफ मांजरावर ओरडायचा, रेडिओवर ओरडायचा, चहात साखर जास्त म्हणून ओरडायचा, कमी म्हणूनही ओरडायचा. खोकला कमी व्हायचा तो आधी वाढलाच. रात्री झोप नाही. हातांना काम हवं म्हणून टरबुजाच्या बिया सोलत बसायचा, घरभर टरफलं. पण मधूनच एखादी गंमतही व्हायची. एका दुपारी माझ्याजवळून जाताना थबकला, नाक वर करून हुंगायला लागला.

"तुझ्या अंगाला हा कसला वास येतोय?"

"साबणाचा. नाबलसचा, ऑलिव्हचा. माहेरापासून तोच वापरते मी."

"चाळीस वर्षं?" तो म्हणाला. "चाळीस वर्षं हा वास होता इथं?" आणि माझ्या केसांत नाक खुपसून उभाच राहिला. भाजी करपली त्या दिवशी.

मग खालच्या मोहल्ल्यात एक मयत झालं. आमच्याकडे शोकाच्या बैठकीत कडू कॉफीबरोबर सिगारेटचं तबकही फिरतं, दर थोड्या वेळाने, प्रत्येकासमोर. नायिफ दुपारभर त्या धुरात बसून आला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तो घरात न येता सरळ मागच्या अंगणात गेला, डाळिंबाखाली बसला. खिशातून तबकातली एक सिगारेट काढली. काडेपेटी काढली. वरून मला त्याचं टक्कल आणि हातातली काडेपेटी दिसत होती. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. ओल्या चादरीत तोंड खुपसून उभी राहिले.

काडी ओढल्याचा आवाज आला नाही. त्याचीच हाक आली. "फिद्दा! खाली ये."

मी गेले. सिगारेट त्याच्या दोन बोटांत होती, न पेटवलेली. डोळ्यांत पाणी होतं. धुरानं आलं असेल म्हणावं, तर इथं धूर नव्हता.

"मला सोडव," तो म्हणाला. "जाऊन अबू शिहाबला सांग, मी जामीनकी मागे घेते म्हणून. तशी रीत आहे. तू आधी सांगितलंस तर तुझ्यावर डाग नाही. मग मी पेटवीन. तू मध्ये असताना माझ्यानं पेटवत नाही, आणि पेटवल्याशिवाय राहवत नाही. कुठंतरी एकीकडे कर मला."

इतकी वर्षं त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, चहा आणि मोजे सोडून. त्याची दया आली, खूप आली. मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसले.

"घेते मागे," मी म्हटलं. "आत्ता जाते. पण आधी एक सांग. तू गावातल्या सगळ्या दारांवर गेलास. ज्यांनी एकमेकांची पोरं मारली, त्यांच्याही दारात बसलास आणि हवं ते घेऊन आलास. मग तू गेलास की मी कुणाच्या दारात जाऊ? कुणापुढे कॉफी न पिता बसू, की माझा माणूस मला परत द्या?"

खाली रस्त्यावर कुणीतरी खोकत पायऱ्या चढत होतं, थांबत थांबत. आम्ही दोघं ते ऐकत होतो.

"असं दार नाही," शेवटी तो म्हणाला.

"नाही ना?"

"नाही." त्यानं सिगारेट माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटली. "मग आज माझ्याजवळ बस. उठू नकोस. उद्याचं उद्या मागेन."

मी बसले. कपडे गच्चीवर तसेच राहिले, रगद आतून जेवायला हाका मारत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा सुटका मागितली, मी दिली नाही. त्यानंतर कधी चिडून मागितली, कधी लाडीगोडीनं, एकदा तर बैठकीतल्यासारखं अल्लाच्या स्तुतीपासून सुरुवात करून, एका दमात, कुठेही न थांबता. ते सगळं भाषण मी हात पुसत उभ्यानं ऐकलं, आणि नाही म्हटलं.